मागचं डावं चाक

कुंदा, परवा सकाळी मी तुझ्या गाडीखाली झोपलो होतो. चक्क पाठीवर, पोर्चच्या फरशीवर जुनी चादर अंथरून. समोरच्या काकू फाटकातून डोकावल्या, त्यांना माझे फक्त पाय दिसले आणि त्यांना वाटलं, झालं, हाही गेला. "अवो भाऊ, काय झालं वो?" असं त्या इतक्या जोरात ओरडल्या की मी दचकून उठायला गेलो आणि कपाळ गाडीला आपटलं. टेंगूळ अजून आहे. तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि मग खोबरेल तेल घेऊन आली असतीस.

गाडीखाली का गेलो ते तुलाच सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला पटणार नाही. तसं तुलाही कधी पटलं नव्हतं म्हणा; पण तू निदान पूर्ण ऐकून घ्यायचीस आणि मग नाही म्हणायचीस.

तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, भाड्याची भांडी परत गेली, जावई रेल्वेने हैदराबादला गेले. आपली ऋतू तेवढी थांबली आहे, नातीला, अन्वीला घेऊन. आणि तिने ठरवलंय की परत जाताना तुझी गाडी ती चालवत नेणार. तिचं म्हणणं चुकीचं नाही. मला गाडी येत नाही, इथे बोरगावात उभी राहून ती सडणार, उंदीर वायरी खाणार. म्हणून इथून हिंगणघाट, पुढे वडनेरवरून हायवे धरायचा आणि सरळ खाली. एवढं सगळं मी मान हलवत ऐकून घेतलं. मग ती अन्वीची पट्ट्यांची खुर्ची घेऊन आली आणि मागच्या सीटवर बांधायला लागली. डाव्या बाजूला. माझ्या जागेवर. त्या चाकाच्या बरोबर वर.

मी घाबरलो. अजून घाबरलेलोच आहे.

तुला माझी भीती काही नवीन नाही. तू तर तिला घरातल्या माणसासारखीच वागवायचीस. पाहुणे आले की सांगायचीस, आम्ही तिघं राहतो, मी, हे आणि यांची भीती. गॅसचा कॉक मी बंद करून पुन्हा बघायला जायचो, विजा चमकल्या की टीव्हीची वायर काढायचो, ऋतूचा फोन लागला नाही की माझं जेवण थांबायचं. आणि रस्ता म्हणजे तर विचारूच नकोस. गाडी घ्यायची तूच ठरवलीस, शिकलीसही तूच. तुझी शाळा आंजीची, माझी बँकही आंजीचीच, बसची वाट पाहण्यात जन्म गेला म्हणायचीस. पहिल्या आठवड्यात मी तुझ्या शेजारी बसलो. समोरून ट्रक आला की मी "कुंदा, कुंदा, कुंदा" म्हणायचो आणि दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबायचो. शेवटी तू पवनारकडून येणाऱ्या ऊसवाल्या ट्रॅक्टरमागे गाडी थांबवलीस आणि म्हणालीस,

"पाय काढा ना वो तिथून. तिकडं ब्रेक नाई आहे."

"मले मालूम आहे."

"मग काऊन दाबता? असं करा, तुम्ही मागं बसा. तुम्ही समोर बसले का माझे हातपाय गळतेत."

तेव्हापासून मी मागे. डावीकडे, खिडकीशी. माझ्या पुढच्या जागेवर, तुझ्या शेजारी, तुझी शाळेची पिशवी बसायला लागली. पिशवी जड, म्हणून माणूस बसलंय समजून गाडी बेल्टसाठी टुंग टुंग करायची, तर तू पिशवीला बेल्ट लावायचीस आणि मला आरशातून म्हणायचीस, "हे बरं आहे, ब्रेक नाई दाबत." आंजीत गाडीतून उतरलो की चहावाला मला साहेब म्हणायचा. मागे बसणारा तो साहेब आणि पुढे बसणारी ती ड्रायव्हर. बँकेतले लोक सलाम ठोकायचे. तुला त्यात फार मजा यायची. मलाही यायची, खोटं कशाला सांगू.

मग तो खड्डा आला. रस्त्याचं काम चालू होतं, वळण काढलं होतं, मुरमावर पाणी साचलं होतं आणि त्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नव्हतं. पुढचं चाक खड्डा ओलांडून गेलं. मागचं डावं असं धाडकन आदळलं की माझे दात एकमेकांवर बसले.

"चाक वाकलं," मी म्हटलं.

"चाक नाई वाकत इतक्यात. तुमचा जीव वाकते."

आणि खरंच, उतरून पाहिलं तर काही नव्हतं. चाक गोल, टायर काळा, हवा बरोबर. तू टायरला एक लाथ मारून दाखवलीस आणि आपण निघालो. पण त्यानंतर काही महिन्यांनी तो आवाज सुरू झाला. रस्ता गुळगुळीत लागला आणि गाडीने जरा वेग घेतला की माझ्या सीटखालून घूंऽऽ. लांब कुठेतरी पिठाची चक्की चालू असावी तसा. वेग वाढला की चढायचा, ब्रेक लागला की उतरायचा. मी सांगितलं, तू काच खाली करून ऐकलंस.

"मले तं काई आयकू येत नाई."

"मागं येऊन आयक."

"मी मागं आली तं गाडी कोण चालवन? तुम्ही?"

इथे आपलं भांडण दरवेळी येऊन अडायचं. चालवणाऱ्याला ऐकू येत नव्हतं आणि ऐकणाऱ्याला चालवता येत नव्हतं. दुसऱ्याच्या हातात गाडी द्यायला तू तयार नव्हतीस. मी रोज म्हणायचो वाजते, तू रोज म्हणायचीस भास होते तुमाले. एकदा तू चिडून मला घेऊन चाकं सरळ करून देणाऱ्या, अलाइनमेंटच्या दुकानात गेलीस. चाकांना ते पंजे लावले, स्क्रीनवर आकडे आले, दुकानदाराने पाना घेऊन पुढच्या चाकांना जोडणाऱ्या नळीला दोन आटे दिले आणि वरचे सगळे आकडे हिरवे झाले. मी विचारलं, मागच्या चाकाचं काय? तो म्हणाला, या गाडीत मागचं अलाइनमेंट नसतेच. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "पाहा, सगळं हिरवं आहे. लाल फक्त तुम्ही." त्या दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. पण परत येताना मागे बसलो आणि सेलूच्या फाट्यापुढे ते पुन्हा वाजायला लागलं, आणि मी कुणाला सांगू ते मला कळेना.

मग घरात त्या चाकाचं नावच पडलं, बाबांचं चाक. ऋतू फोनवर विचारायची, "बाबांचं चाक काय म्हणते?" दसऱ्याला गाडीची पूजा करताना तू पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायचीस आणि मग मुद्दाम मागे येऊन त्या डाव्या चाकाला भलंमोठं कुंकू लावायचीस. "घ्या, तुमच्या चाकाचा मान." पुढे नवे टायर टाकले तेव्हाही, सगळे करतात तसंच, नवे पुढे आणि जुने मागे. मागचं काय, ते मागं मागं येते, असं दुकानदार म्हणाला आणि आपणही मान डोलावली. मला भीती वाटत होती, पण ती मला कायमच वाटायची, त्यामुळे त्या भीतीला काही किंमत नव्हती. माझ्या भीतीला घरात पतच उरली नव्हती, कुंदा.

शेवटी शेवटी तू मला पुढे या म्हणायला लागली होतीस. निवृत्त झाल्यावर आपण कुठे कुठे जायचो, तेव्हा. "आता या ना समोर. आता कोणी साहेब नाई म्हणत तुमाले." मी म्हणायचो, पिशवी आहे ना तिथं. तू म्हणायचीस, पिशवी मागं ठेवते. मी म्हणायचो, पुढच्या वेळी. मला पुढून रस्ता पाहावत नव्हता. मागून मला तुझा अंबाडा दिसायचा, आरशात तुझा एक डोळा दिसायचा, आणि तेवढा रस्ता मला पुरत होता. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं, मी फक्त ट्रकला भितो.

आता तो दिवस. तो टाळून पुढे जाता येत नाही, जमलं असतं तर मी टाळला असता.

तू दिवाणावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होतीस. मी वर्तमानपत्रातली कुठल्यातरी अपघाताची बातमी तुला वाचून दाखवत होतो, सवयीने. तू म्हणालीस, "डोकं कसंतरीच होऊन राह्यलं," आणि ताट कलंडलं. दाणे फरशीभर गेले. इतकी वर्षं मी रस्त्यावर डोळे लावून बसलो होतो आणि ते घरातच आलं. मी शेजारच्या पंकजला हाका मारल्या. त्याने तुझ्या गाडीची किल्ली घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच तुझ्या गाडीत दुसरं कुणी चालवत होतं आणि पहिल्यांदाच तू मागे होतीस. माझ्या मांडीवर डोकं, कान खिडकीकडे. पंकजने गाडी सोडली तशी सुसाट सोडली. बोरगाव सुटलं, मोठा रस्ता लागला आणि ते वाजायला लागलं. घूंऽऽ.

तू डोळे उघडलेस. मला वाटलं तू मला शोधतेस, पण तू माझ्याकडे पाहत नव्हतीस. तू ऐकत होतीस.

"वाजते वो," तू म्हणालीस. "खरंच वाजते."

आणि मी काय म्हणालो? ज्या वाक्यासाठी मी तुझ्याशी इतकं भांडलो होतो ते तू बोललीस, आणि तुझी जीभ जड झालेली ऐकून मी इतका घाबरलो होतो, की मी तुझ्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "काई नाई वाजत. भास होऊन राह्यला तुले. चूप झोप."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुझं तोंड एका बाजूला वळलं. तू हसलीस की ते आजाराचं वाकडं होणं होतं, मला समजलं नाही. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. दवाखान्यात पोचल्यावर तुला आत नेलं आणि त्यानंतर मी काय बोललो ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही.

नंतर मी डॉक्टरांना भलताच प्रश्न विचारला. असं होताना कानात आवाज येतात का? त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, काही जणांना येतात. त्यांना वाटलं मी शास्त्रीय माहिती विचारतोय. मी घरी आलो आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात तेवढंच घोळत राहिलं. तुला चाकाचा आवाज आला होता की तुझ्या डोक्यातला? तू आपल्या भांडणातलं शेवटचं वाक्य बोललीस, की मी तिथे नव्हतोच, तू एकटीच कुठल्यातरी आवाजात होतीस? लोक भेटायला यायचे, किती चांगल्या बाई होत्या म्हणायचे, मी हो म्हणायचो आणि मनात विचार करायचो, ती एकटी होती का? या विचाराची मला जितकी भीती वाटली तितकी कुठल्या ट्रकचीही कधी वाटली नव्हती. दुपारी पंखा चालू केला की त्याची घरघर ऐकून मी बंद करायचो. फ्रीज सुरू झाला की पोर्चमध्ये जाऊन उभा राहायचो. ऋतू म्हणाली, बाबा, तुम्ही घामाघूम झालात, पंखा लावा. तिला काय सांगणार?

त्यात तिने अन्वीची खुर्ची तिथे बांधली.

आता मला दोन भीत्या झाल्या आणि त्यांचं आपसात जमेना. एक म्हणत होती, देवा, टायर खराब निघू दे, म्हणजे कुंदाला खरा आवाज आला होता. दुसरी म्हणत होती, टायर चांगला निघू दे, या गाडीतून माझी लेक आणि नात जाणार आहेत. मी गाडीभोवती फिरत राहिलो. बाहेरून टायर अगदी व्यवस्थित. नक्षी खोल, कडा काळ्या. ऋतूने मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, हे तं चांगले आहेत ना. हवा चेक करून घेईन मी." ती शहाणी मुलगी आहे. पण तिनेही बाहेरूनच पाहिलं. आपण सगळ्यांनी बाहेरूनच पाहिलं होतं.

म्हणून परवा मी गाडीखाली गेलो. डोळ्यांनी तिथलं दिसत नाही, हात घालावा लागतो. चाकाच्या मागून हात आत सरकवला आणि तळवा टायरवरून फिरवला. बाहेरची बाजू जाडजूड. मधला भाग बरा. आतल्या कडेकडे गेलो तशी नक्षी संपली. तिथे रबर गुळगुळीत होतं, टकलासारखं. हात उलट फिरवला तर बारीक बारीक उंचवटे तळव्याला अडकायला लागले, पुढे खोलगट, मग उंच, मग पुन्हा खोलगट. आणखी आत गेलो आणि काहीतरी बोटात घुसलं. हात बाहेर काढला तर रक्त. टायरच्या आतली तार होती ती. रबर झिजून झिजून तार वर आली होती.

मी तसाच पडून राहिलो. आपण त्या तारेवर बसून फिरत होतो, कुंदा. ती तुटली असती तर? पण त्याहीपेक्षा मला अन्वीच्या खुर्चीच्या पट्ट्या खालून लोंबताना दिसत होत्या, दार उघडं होतं ना. तेवढ्यात काकू ओरडल्या.

ऋतूला सांगायला गेलो तर तिने आधी टेंगळाला बर्फ लावला. मग बोट पाहिलं. मग ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर तुझाच भाव होता, 'बिचारे बाबा' म्हणणारा. "बाबा, आई गेली म्हणून तुमाले सगळीकडंच असं वाटून राह्यलं," ती म्हणाली. फार मायेने म्हणाली. मला तिचा राग आला नाही, पण मी जन्मात पहिल्यांदा घरात ओरडलो. म्हटलं, "मी भित्रा आहे, खोटारडा नाई! हात घालून पाह्य तू!" अन्वी रडायला लागली. ऋतूने पाहिलं माझ्याकडे, चप्पल घातली, खाली वाकली आणि हात आत घातला. मग उठली आणि तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर अन्वीची खुर्ची सोडून घरात आणून ठेवली.

गाडी नेली त्याच दुकानात. रस्ताभर मी मागे बसून ऐकत होतो आणि ऋतू सायकलीच्या वेगाने चालवत होती. दुकानदाराने पुन्हा पंजे लावले आणि पुन्हा तेच म्हणाला, समोरचं ओके आहे, काका. मी स्क्रीनकडे पाहिलं. वरचे आकडे हिरवे होते. पण खाली कोपऱ्यात एक आकडा लाल होता.

"ते लाल काय आहे?"

"ते मागचं. तिकडं पाहायचं नसते."

"काऊन?"

"तिथं सेटिंगच नाई ना काका. जे हलवता येत नाई ते पाहून काय करता?"

आयुष्यात मी कुठल्या दुकानदाराशी वाद घातला नाही, तू भाजीवाल्याशीही माझ्या वतीने बोलायचीस. पण मी म्हटलं, हलवता येत नसंल, पण वाकलं असंल तं बदलता येते ना? ऋतू म्हणाली, दादा, चाक काढा. चाक निघालं, टायर उताणा पडला आणि आतली कड वर आली. दुकानदार खाली बसला. बोटाने ती तार दाबून पाहिली आणि म्हणाला, "बाप रे." मग गाडीखाली जाऊन आला. मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा डावीकडे वाकला होता, थोडासाच, डोळ्याला दिसणारही नाही इतका. चाक तेवढंच तिरपं धावत होतं आणि प्रत्येक फेरीला आतली कड रस्त्यावर घासली जात होती. त्या खड्ड्यापासून.

"हे टायर तं वाजत असंन," तो म्हणाला. "असं करवतीवानी झिजलं का घूं घूं करते. समोर नाई समजत. मागं कोण बसे?"

"मी."

मग मी त्याला विचारलं. ऋतू बाजूलाच उभी होती, पण मला तिची लाज वाटली नाही. विचारलं, समजा एखादं माणूस मागच्या सीटवर आडवं झोपलं असंल. डोकं या बाजूला. त्याले आयकू येईल का?

"मग तं काका, कानातच वाजते."

मी तिथल्या टायरच्या थप्पीवर बसलो आणि रडलो. तुझ्या मागे मी अजून तसा रडलो नव्हतो, लोक होते ना. दुकानदाराला काय करावं कळेना, त्याने पाण्याचा ग्लास आणला. ऋतूला वाटलं, मी टायर फुटला असता म्हणून रडतोय. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "वाचलो ना बाबा आपण." मी मान हलवली. आपल्या दोघांची गोष्ट तिला कशी समजणार, ती त्या गाडीत नव्हती. तू होतीस, मी होतो आणि मध्ये तो आवाज होता. आणि तू माझ्याबरोबरच तो ऐकत होतीस.

दांडा नागपूरहून आला, काल बसवला. मागे दोन्ही टायर नवे टाकले. आज संध्याकाळी ऋतू म्हणाली, चला, पाहून येऊ. कुठं जायचं हे तिने विचारलं नाही, गाडी आपसूक आंजीच्या रस्त्याला लागली. मी मागे, डावीकडे. पुढच्या सीटवर तुझी पिशवी होती, त्या दिवसापासून कुणी काढलीच नव्हती, बेल्टसकट. गाडीने वेग घेतला. मी डोळे मिटून घेतले आणि सीटला कान लावला.

"बाबा, वाजते का?"

कपाशीच्या पऱ्हाट्या काढलेली वावरं मागे जात होती. वारा होता, इंजिन होतं, ऋतूच्या बांगड्या होत्या. सीटखाली काही नव्हतं. मी वाट पाहिली. इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते नव्हतं, आणि ते नाही म्हणून मला भीती वाटायला लागली. आता मागे बसून मी काय ऐकणार? आरशात पाहिलं तर ऋतूचा डोळा दिसला. तुझाच आहे गं तो डोळा. तो काळजीने माझ्याकडे पाहत होता आणि रस्त्याकडे पाहत नव्हता.

"गाडी थांबव," मी म्हटलं.

ती घाबरली. "काऊन? वाजलं का?"

मी उतरलो. पुढचं दार उघडलं. बेल्ट सोडला, तुझी पिशवी मांडीवर घेतली आणि तुझ्या शेजारच्या जागेवर बसलो. पिशवीत चष्म्याची डबी आहे, बडीशेपेची पुडी आहे, हाताला लागली. ऋतूने गाडी सोडली. समोरून ट्रक आला, कापसाचा, दोन्ही बाजूंनी फुगलेला, आणि माझे दोन्ही पाय खाली दाबले गेले.

"पाय काढा ना बाबा," ती म्हणाली. "तिकडं ब्रेक नाई आहे."

उद्या सकाळी ती निघेल. ती पोचल्याचा फोन येईपर्यंत मी जेवणार नाही, ते तुला माहीतच आहे. मी पुढेही घाबरतच राहणार आहे, आणि आता हसायलाही कुणी नाही. पण त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो ते तसंच राहायला नको, म्हणून एवढं लिहिलं. तुला भास झाला नव्हता, कुंदा. वाजत होतं. खरंच वाजत होतं.